दरड नुसत्या पाण्याच्या वजनाने कोसळत नाही

माळीण, ३० जुलै २०१४. तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. तिन्ही वेळा बातम्यांत एक वाक्य होतंच: पावसाने माती भिजून जड झाली आणि खाली आली. पीएचडीच्या मुलाखतीला बसाल तेव्हा हेच उत्तर दिलंत, तर समोरचे पुढचा प्रश्न नक्की विचारतील: जड झाली म्हणजे किती?

चला, आकडे घालून बघू. २५ अंशांचा लांबलचक उतार, पक्क्या खडकावर ३ मीटर मातीचा थर. घर्षणकोन ३० अंश, कोहिजन ५ किलोपास्कल. घनमीटरला वजन कोरडं असताना १८ किलोन्यूटन, पूर्ण भिजल्यावर २०.

कोरड्या अवस्थेत थराच्या तळाशी माती खाली ओढणारा ताण येतो साधारण २०.७ किलोपास्कल, धरून ठेवणारी ताकद ३०.६. फॅक्टर ऑफ सेफ्टी जवळपास १.५. उतार निवांत उभा आहे.

आता माती पृष्ठभागापर्यंत भिजली आणि पाणी उताराला समांतर झिरपतंय असं धरा. ओढणारा ताण २३ होतो, म्हणजे वाढ फक्त ११ टक्के. पण ताकद १९.५ वर येते! एक तृतीयांशाहून जास्त गेली. फॅक्टर ०.८५.

ही ताकद गेली कुठे? मातीचे कण एकमेकांवर दाबले जातात म्हणून घर्षण मिळतं. तळाशी उताराला लंब दिशेने एकूण दाब ४९ किलोपास्कल आहे, पण त्यातले २४ पोकळ्यांमधलं पाणीच पेलतंय. कणांच्या वाट्याला उरले २५. पाण्याला घर्षण नसतं. टेर्झागीचं इफेक्टिव्ह स्ट्रेसचं तत्त्व ते हेच. परीक्षेत आपण ते सूत्र लिहून मोकळे होतो, आणि डोंगर समोर आला की विसरतो.

वरच्या तिन्ही तारखा परत बघा. जूनच्या पहिल्या सरीत नाही, जुलैच्या उत्तरार्धात. तीन घटनांवरून नियम मांडता येत नाही, पण चित्र जुळतं: आधीच्या पावसाने मातीतलं सक्शन (कणांना आवळून धरणारा ऋण दाब) संपत येतं, पाणी खडकाच्या सांध्यावर तुंबतं, आणि मग मुसळधार पाऊस उरलेलं काम करतो.

उपायही इथूनच निघतो. त्याच उतारात पाण्याची पातळी चर आणि आडव्या ड्रेन-पाइपांनी निम्म्यावर आणली, तर बाकी माती भिजलेली धरूनही फॅक्टर १.१५ होतो. डिझाइनला एवढा पुरेसा नाही, पण उतार उभा राहतो. याउलट घाटरस्त्यांवरच्या रिटेनिंग वॉल बघा. वीप होल गाळाने बुजलेली असतील, तर ती भिंत मागे पाणी साठवणारं धरण होते. गॅबियन मला म्हणूनच आवडतात, दगडांमधून पाणी आपोआप निघून जातं.

या विषयात संशोधन करायचं असेल, तर नुसत्या पर्जन्यमापकावर थांबू नका. सोबत पिझोमीटर आणि टेन्शिओमीटर बसवा. पाऊस पडल्यापासून खडकाच्या सांध्यावर दाब वाढेपर्यंत किती तास जातात, हे ज्या डोंगराबद्दल कळलं, तिथे गावाला इशारा द्यायला नेमका तेवढाच वेळ हातात असतो.