घडीची ई-सायकल आणि पोलादपूरचा चढ

इलेक्ट्रिक सायकल जितकी हलकी तितकी चढणीला चांगली, हा समज इतका पक्का आहे की दुकानात पाय ठेवताच पहिली चौकशी वजनाची होते. उमरठ, पोलादपूर, महाड या पट्ट्यात तर ती साहजिकच आहे. सपाट रस्ता काय तो नदीकाठाने, बाकी एकतर चढ नाहीतर उतार. पण हिशेब मांडला तर उत्तर वेगळं येतं. माणूस ७० किलोचा, सायकल २० किलोची आणि सामान १० किलोचं धरलं की ओझं झालं १०० किलो. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ते ताशी १० किलोमीटरने न्यायला सुमारे १६५ वॅट लागतात; टायरचं घर्षण धरून १९० च्या आसपास. सायकल पाच किलोने हलकी घेतली तर यातले नऊ-दहा वॅट वाचतात, म्हणजे पाच टक्के. तेवढी बचत पिशवीतले पाच किलो तांदूळ घरी ठेवूनही होते, आणि तीही फुकट. हलकेपणासाठी मोजलेले जादा पैसे वसूल होतात ते सायकल हाताने उचलावी लागते तेव्हा: जिना चढताना, एसटीत किंवा जीपमध्ये घालताना. बॅटरी संपल्यावर पाय मारत घर गाठतानाही वजन जाणवतं, पण तिथे वजनापेक्षा गिअर जास्त कामाला येतात.

दुसरा गैरसमज याच्याच पोटातला आहे: घडी होते म्हणजे हलकी असणार. खरं तर घडीसाठी चौकटीत बिजागरी, तिचा खटका आणि भोवती जाडसर धातू घालावा लागतो, त्यामुळे वजन वाढतंच. गावोगाव दिसणारी साधी काळी सायकल २० किलोच्या आसपास भरते. २० इंची चाकांच्या बहुतेक घडीच्या ई-सायकली १८ ते २५ किलोंच्या असतात. इंग्लंडची ब्रॉम्प्टन या प्रकारातली नावाजलेली, तिची इलेक्ट्रिक सायकलही बॅटरीसकट सुमारे १७ किलो भरते, आणि किंमत अशी की उमरठच्या रस्त्यावर तिला खरचटलं तरी मालकाच्या पोटात गोळा यावा. पुण्याच्या ईमोटोरॅडच्या डूडलसारख्या जाड टायरच्या सायकली दुमडतात खऱ्या, पण त्या डिकीत ठेवण्यासाठी, खांद्यावर टाकण्यासाठी नव्हेत. तेव्हा घडी कोणाला हवी, हे आधी ठरवावं. मुंबईत तिसऱ्या मजल्यावर राहणारा आणि सणाला सायकल गाडीत घालून गावी आणणारा चाकरमानी, वीर स्थानकावर उतरून पुढचे काही किलोमीटर स्वतः जाऊ पाहणारा प्रवासी, महाडच्या एमआयडीसीत कामाला असलेला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, यांना ती उपयोगाची. ज्याच्या घराला पडवी आहे त्याने घडीसाठी पैसे का घालावेत? उलट खड्ड्यांचे धक्के बिजागरीला बसतात आणि तिचा खटका वरचेवर तपासून घट्ट करावा लागतो.

यावर आक्षेप येतो की घडीच्या सायकलची चाकं लहान, मग ती चढणार कशी? इथे लहान चाकाची बाजू घ्यावी लागेल. चाकाच्या आसातली मोटर जेवढा पीळ देते तेवढाच धरला, तर २० इंची चाक २६ इंची चाकापेक्षा रस्त्यावर सुमारे ३० टक्के जास्त जोर लावतं. लहान चाक हरतं ते खड्ड्यात. आणि टायर घेताना: २० इंच असंच लिहिलेलं असलं तरी ४०६ आणि ४५१ अशी दोन निराळी मापं असतात, एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. महाडच्या दुकानात कोणता मिळतो ते सायकल घेण्याआधी विचारलेलं बरं.

जाहिरातीतले किलोमीटर हा तिसरा घोळ. ते बहुधा सपाट रस्ता, सडपातळ स्वार आणि मोटरची कमीत कमी मदत धरून काढलेले असतात. त्याऐवजी व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. ३६ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर-तास म्हणजे २७० वॅट-तास. भरायला वीज पाव युनिटाहून थोडी जास्त. वर धरलेलं १०० किलोचं ओझं १०० मीटर उंच न्यायला २७ वॅट-तास, आणि मोटरमधला अपव्यय धरता ३५ च्या पुढे लागतात. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर, आणि चढण जवळपास १,३०० मीटरची. सगळा भार मोटरवर टाकला तर नुसत्या चढालाच साडेचारशेच्या वर वॅट-तास हवेत. निम्मा जोर पायांनी लावला तरच ही छोटी बॅटरी जेमतेम वर पोचवेल. उतरताना ती आपोआप भरेल, ही आशाही सोडावी. हलक्या ई-सायकलींच्या मोटरी बहुतेक अशा असतात की उतारावर चाक मोकळं फिरतं, वीज परत येत नाही. उताराची खरी काळजी ब्रेकची. पावसात भिजलेल्या रिमवर रबरी गुटके घसरतात. इथे दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच.

‘चढासाठी ५०० वॅटची घ्या, लायसन लागत नाही,’ असंही सांगितलं जातं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ही सूट २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत राहणाऱ्या सायकलींनाच आहे, आणि त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेची मंजुरी लागते. त्यापुढची सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. वेगाची मर्यादा एखादी वायर काढून उठवून घेणारा विनानोंदणी, विनाविमा वाहन चालवत असतो. शिवाय गरज तरी कुठे आहे? वरच्या १९० वॅटपैकी ८०-१०० साधा माणूस पायांनी देऊ शकतो. ज्याला पाय मारायचेच नाहीत, किंवा रोज मागे माणूस बसवून घाट चढायचा आहे, त्याने सरळ नोंदणीची स्कूटर घ्यावी. सायकलकडून ती अपेक्षा करू नये.

उरला पाऊस. आयपी ५४ म्हणजे शिंतोडे सोसणारी. पाण्यात बुडणं सोसते ती आयपी ६७, आणि संपूर्ण सायकलला ते मानांकन क्वचितच असतं. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं काहीच वाचलं नाही. म्हणून बॅटरी किल्लीने सुटी होऊन माळ्यावर नेता येईल अशीच असावी, आणि बुडालेली बॅटरी वाळवूनसुद्धा चार्जिंगला लावू नये, कारण आत शॉर्ट होऊन ती पेट घेऊ शकते.

एवढं पाहता, उमरठ-पोलादपूरला राहून रोज सायकल वापरणाऱ्यासाठी माझी निवड घडीची नाही: २५० वॅटच्या आतली, निदान सहा-सात गिअरची, डिस्क ब्रेकची, सुट्या बॅटरीची साधी ई-सायकल, मग ती दोन-चार किलोंनी जड असली तरी चालेल. घडीची घ्यायची असेल तर पैसे देण्यापूर्वी दुकानातच ती दुमडा आणि उचलून एक जिना चढून पाहा.