अम्मी उजवीकडे बसली होती

काही वर्षांपूर्वी भाच्याने गावी एक गंमत केली. शेंगदाण्याएवढे दोन माईक माझ्याच कानांच्या तोंडाशी बसवले. मी पडवीत मांडी घालून बसलो होतो. उजव्या हाताला अम्मी तांदूळ निवडत होती, समोर अंगणात बायका बोलत होत्या, पाठीमागे विहिरीचा रहाट. अम्मीला माझ्या कवितांपेक्षा माझ्या खोकल्याची काळजी. ती त्यावरच बोलत होती.

अम्मी गेल्यानंतर एका रात्री अंथरुणावर उताणा पडून मी हेडफोन लावला. आवाज तिचाच, पण घर बिनसलेलं. अंगणातल्या बायका छताला, रहाट गादीखाली. डाव्या कुशीवर वळलो तर अम्मीच छताला जाऊन बसली!

असं का व्हावं? उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. शिवाय मधल्या डोक्यामुळे डाव्या कानाला बारीक आवाज मंद ऐकू येतो. समोरचं-मागचं, वरचं-खालचं कळतं ते कानाच्या पाळीच्या वळणांमुळे. म्हणूनच तेच ध्वनिमुद्रण माझ्या बायकोने ऐकलं तेव्हा अंगणातल्या बायका तिला पाठीमागे वाटल्या. कान माझे होते ना!

एरवी आपण मान वळवली तरी बोलणारा जागीच राहतो, आणि त्या फरकातून दिशा पक्की होते. हान्स वालाख या मानसशास्त्रज्ञाने हे १९४० साली प्रयोगांनी दाखवलं. हेडफोनमध्ये मात्र सगळं जग डोक्याला बांधलेलं. डोकं जिकडे, अंगण तिकडे. मानेची हालचाल ओळखून आवाज जागी ठेवणारे हेडफोन आता मिळतात, २०२० पासून तर ते बरेच पसरले. पण माझ्या ध्वनिमुद्रणात त्या दिवशीची माझी मान कायमची गोठलेली आहे. तिला कुठलं यंत्र सोडवणार?

मग मीच बसायला शिकलो. जमिनीवर, मांडी घालून, पाठ ताठ, डोळे मिटून. बायका अंगणात परतल्या, रहाट मागे गेला.

एक जागा मात्र अडायची. अम्मी विचारते, “पाणी देऊ का रे?” आणि सगळं अंगण गर्रकन डावीकडे फिरतं. पुष्कळदा ऐकल्यावर उमगलं, तेव्हा मी तिच्याकडे वळून पाहिलं होतं. आता त्या शब्दांशी मीही मान उजवीकडे वळवतो. अंगण हलत नाही, आणि अम्मी समोर येते.