सावित्रीच्या खोऱ्यातील अनवट गडवाटा : चढाईपूर्वीचे नियोजन

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली याच गावी झाला. नात्यावरून पुढे पाचाडला पोहोचणाऱ्या प्रवाशाला रायगडाची वाट कोणालाही विचारावी लागत नाही. दगडी पायऱ्या आहेत. १९९६ पासून रोपवेची सोय आहे. वाटेवर ताक, सरबत आणि झुणका-भाकर मिळते.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या पूर्व कडेला सह्याद्रीला बिलगून उभ्या असलेल्या इतर गडांची स्थिती अगदी निराळी आहे. लिंगाणा, कावळा, मंगळगड ऊर्फ कांगोरी आणि चंद्रगड येथे पायऱ्यांची सलग वाट नाही आणि दिशादर्शक फलकांवर विसंबता येत नाही. चंद्रगड आणि मंगळगड उंचीने रायगडाहून कमी असूनही तेथे जाणाऱ्याला अधिक पूर्वतयारी लागते. दरवर्षी नव्या उत्साहाने या भागात येणाऱ्या तरुणांच्या पथकांना एक गोष्ट अनेकदा उशिरा उमगते. येथील चढाईचे वेळापत्रक शिखराच्या उंचीवर ठरत नाही, ते पायथ्याच्या नदीवर ठरते.

आखूड नद्या, वेगवान पूर

सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते आणि पोलादपूर व महाडवरून बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. रायगड आणि लिंगाणा यांच्यामधून वाहणारी काळ नदी, तसेच महाडजवळ येणारी गांधारी, याही सावित्रीलाच मिळतात. या सर्व नद्यांची लांबी थोडी आणि उतार तीव्र आहे. पठारावर पडलेले पाणी काही तासांतच कोकणच्या सपाटीवर उतरते.

महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. २०२१ च्या जुलैमध्ये तर तेथे अवघ्या २४ तासांत ५९० मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद झाली. त्याच अतिवृष्टीत २२ जुलै रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ महामार्गावरील सावित्रीचा जुना पूल पुरात वाहून गेला, ही घटनाही विसरता येण्यासारखी नाही.

यावरून पहिला नियम निघतो. पायथ्याच्या गावात ऊन पडले आहे, एवढ्यावरून नदी सुरक्षित ठरत नाही. महाबळेश्वर किंवा घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असेल, तर खाली कोरड्या आकाशाखालीही पाणी चढू शकते. म्हणून हवामान खात्याचा रायगड जिल्ह्याचा अंदाज पाहून थांबू नये. सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या घाटमाथ्याचा अंदाजही पाहावा. महाडपर्यंत भरतीचा प्रभाव पोहोचतो. अमावास्या किंवा पौर्णिमेची मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यास पुराचे पाणी लवकर ओसरत नाही. अशा वेळी गडावरून सुखरूप उतरलेले पथक परतीच्या रस्त्यावर अडकते.

मोसमाची निवड

जून ते सप्टेंबर या काळात प्रवाह ओलांडून जाणाऱ्या वाटांचा विचारच करू नये. या दिवसांत जिल्हा प्रशासन धोकादायक ठिकाणांबाबत मनाई आदेश काढते. ते पाळणे बंधनकारक आहे.

ऑक्टोबर महिना मात्र फसवा असतो. पाऊस संपल्यासारखा वाटतो, रान हिरवे असते आणि सकाळी आकाश निरभ्र असते. परतीच्या पावसाची वादळी सर बहुधा दुपारनंतर येते. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा संध्याकाळी कमरेपर्यंत भरलेला असतो आणि पथक पैलतीरावर अडकते. म्हणून या महिन्यात मुक्कामाचे गाव आणि गड हे शक्यतो नदीच्या एकाच बाजूला असतील, असा बेत आखावा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत योग्य काळ होय. मार्चनंतर अडचण उलट होते. ओढे आटतात, गडावरील कातळात खोदलेल्या टाक्यांतील पाणी पिण्याजोगे राहीलच असे नाही, आणि वाळलेल्या गवताला वणवा लागण्याचे भय असते.

खुणा नसलेल्या वाटा कशा बनल्या

या डोंगरांत वाटा नाहीत, असे नाही. उलट त्या फार आहेत. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांचे जाळे शतकानुशतके वापरात होते. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांची जावळी घेतली, त्या प्रदेशाचे महत्त्व अशा घाटवाटांमुळेच होते. तानाजी मालुसरे यांचे पार्थिव १६७० मध्ये सिंहगडाहून पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे मढे घाटाने उतरविण्यात आले, असे परंपरा सांगते.

पुढे वरंधा आणि आंबेनळी घाटांतून मोटाररस्ते झाले. मालाची वाहतूक तिकडे वळली, वाड्यांतील तरुण मुंबईला गेले आणि जुन्या वाटांवरची वर्दळ थांबली. पायवाट माणसांच्या पावलांनीच राखली जाते. दोन पावसाळे कोणी चालले नाही, तर कारवी आणि घाणेरी ती गिळून टाकतात. जेथे वाट ठळक दिसते, तेथेही ती गडाकडे जाणारी असेलच असे नाही. बहुतेक ठळक वाटा या ढोरवाटा किंवा लाकूडफाट्यासाठी रुळलेल्या वाटा असतात आणि पाणवठ्यावर अथवा गवताच्या माळावर जाऊन संपतात. त्यातच २०२१ च्या दरडींनी अनेक उतारांचे स्वरूप बदलले. त्यापूर्वी लिहिलेल्या वर्णनावर पूर्णपणे विसंबणे धोक्याचे आहे.

नकाशा आणि वेळेचा हिशेब

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० या प्रमाणाचे नकाशे या कामी अत्यंत उपयुक्त आहेत. त्यांत २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर अंतर असते, आणि समोच्चरेषांवरून चढ कोठे तीव्र, कोठे सौम्य हे कळते. नकाशावर प्रथम शिखर शोधू नये. प्रथम निळ्या रेषा पाहाव्यात. ठरविलेली वाट त्या रेषांना किती ठिकाणी छेदते, त्या प्रत्येक ठिकाणी पूल किंवा साकव आहे काय, आणि नसल्यास दुसरा मार्ग कोणता, याची टिपणी करावी. भ्रमणध्वनीवरील नकाशा सोयीचा असला, तरी खोल दऱ्यांत संपर्क तुटतो आणि विजेरी संच उतरतो. म्हणून कागदी नकाशा व होकायंत्र सोबत असावेच.

विल्यम नाईस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये वेळेचा एक साधा हिशेब मांडला. दर ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, असे त्याचे ढोबळ रूप आहे. समजा, वाट ६ किलोमीटरांची आणि चढ ६०० मीटरांचा आहे. चालीची ७२ मिनिटे आणि चढाची ६० मिनिटे मिळून २ तास १२ मिनिटे होतात. परंतु झाडी, घसारा, पाठीवरील ओझे आणि वाट शोधण्यात जाणारा वेळ पाहता सह्याद्रीत त्याची दीडपट, म्हणजे सुमारे ३ तास २० मिनिटे धरावीत. पथकाचा वेग हा सर्वांत मंद चालणाऱ्याचा वेग असतो, हेही ध्यानी घ्यावे.

यानंतरचा हिशेब उलट्या दिशेने करावा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, दरीत अंधार त्याआधीच पडतो. शेवटचा प्रवाह पाच वाजण्यापूर्वी ओलांडायचा असेल, उतरण्यास अडीच तास लागणार असतील आणि अर्धा तास हाताशी ठेवायचा असेल, तर दुपारी दोनला गडमाथा सोडलाच पाहिजे. ही माघारीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी व सर्वांना सांगावी. दोन वाजता शिखर अवघे शंभर पावलांवर असले, तरी परत फिरावे.

प्रवाह ओलांडताना

वाहत्या पाण्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. त्यामुळे पोहता येणारा माणूसही वेगवान पाण्यात पाय टिकवू शकत नाही. पाणी गुडघ्याच्या वर असून त्याला ओढ असेल, तर उतरू नये.

पात्र अरुंद असते तेथे पाणी खोल व वेगवान असते. रुंद, उथळ आणि तळ दिसणारी जागा निवडावी. खालच्या अंगाला धबधबा, डोह किंवा अडकलेली झाडे नसावीत. काळ्या कातळावरील शेवाळ अतिशय निसरडे असते. म्हणून अनवाणी न उतरता पायांत बूट ठेवावेत. हातात भक्कम काठी घ्यावी, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवावे आणि एक पाय पक्का रोवल्यावरच दुसरा उचलावा. पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे तोल गेल्यास ती झटकन टाकता येते. दोर कमरेला बांधून पाण्यात उतरणे मात्र टाळावे. माणूस पडल्यास तोच दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो.

निवळ पाणी अकस्मात गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहत येणे, वरच्या अंगाला दगड गडगडल्याचा आवाज येणे, ही लोंढा येत असल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच सर्वांनी पात्र सोडून उंच जागी जावे. पाणी चढले असल्यास थांबणे हाच उपाय आहे. आखूड नद्यांचा पूर जसा झटकन येतो, तसा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतो. एक रात्र उपाशी काढणे परवडते. म्हणून एका जेवणाचा अधिक शिधा आणि एक चादर सोबत असावी.

गावचा वाटाड्या

चंद्रगडासाठी ढवळे आणि मंगळगडासाठी पिंपळवाडी किंवा दुधाणेवाडी अशी पायथ्याची गावे आहेत. चंद्रगडाच्या बाजूने महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटकडे चढणारा ढवळ्या घाट हा तर दिवसभराचा प्रवास आहे. बहिरीची घुमटी, जोरचे पाणी अशी त्यावरील ठिकाणे गावकऱ्यांना तोंडपाठ असतात. नवख्याला ती रानात सापडणे कठीण. गावातून वाटाड्या घेणे, त्याला योग्य मोबदला देणे आणि त्याने ‘आज नको’ म्हटल्यास ऐकणे, या तीन गोष्टींनी बहुतेक अपघात टळतील. या मोबदल्यातून वाडीतील तरुणाला गावातच चार पैसे मिळतात आणि जुन्या वाटाही चालत्या राहतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची व सुरक्षिततेची चौकट घालून दिली आहे. शुल्क भरून जाणाऱ्यांनी आयोजक नोंदणीकृत आहे काय, हे प्रथम पाहावे.

पथकातील सर्वांची नावे, ठरविलेली वाट आणि परतीची वेळ पायथ्याच्या गावी तसेच घरी लिहून ठेवावी. संकटसमयी ११२ या क्रमांकावर मदत मागता येते. परंतु दरीत संपर्क नसेल, तर ही चिठ्ठीच शोधपथकाला दिशा दाखविते.

विंचू आणि साप

या भागात फुरसे, घोणस आणि लाल विंचू आढळतात. कपारीत न पाहता हात घालू नये. बिरवाडी व महाड येथे सेवा करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध प्रभावी असल्याचे दाखवून दिले. त्यामुळे एकेकाळी प्राणघातक ठरणाऱ्या या दंशातून आज बहुतांश रुग्ण वाचतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. मात्र उपचार वेळेवर मिळाला तरच त्याचा उपयोग होतो. दंश झालेल्याला चालवू नये, जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये; त्याला उचलून शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. जवळचे रुग्णालय कोठे आहे आणि तेथे पोहोचण्यास मध्ये नदी लागते काय, हेही नियोजनातच पाहावे.

गिर्यारोहणाने धैर्य वाढते, आपल्या भूमीची ओळख होते. तथापि अडकलेल्या पथकाच्या शोधासाठी रात्री दोर घेऊन निघतात ते पायथ्याच्या वाडीतील शेतकरी आणि महाड, पोलादपूर, महाबळेश्वरचे स्वयंसेवक. नियोजनात कसूर झाली, तर धोका त्यांच्याही जिवाला असतो. गड शेकडो वर्षे जागेवर आहे, तो पुढच्या रविवारीही तेथेच असेल. नदीने आज वाट दिली नाही, तर काठावरूनच नमस्कार करून परतणाऱ्या पथकात कोणतीही उणीव नाही.