पुणेरी पलटणचा चाहता सामना कसा वाचतो?

प्रो कबड्डी लीग 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून पुणेरी पलटणच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या चाहत्यांच्या वाट्याला आरंभीचे हंगाम निराशेचेच आले. तरीही त्यांनी संघ सोडला नाही, आणि ही निष्ठा खरोखर कौतुकास्पद आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याशी या संघाचे नाते अधिक जवळचे आहे, कारण 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा कर्णधार होता याच जिल्ह्याचा अस्लम इनामदार. त्याआधीच्याच हंगामात, डिसेंबर 2022 मध्ये, अंतिम सामना जयपूरविरुद्ध 33-29 असा हातचा गेला होता.

जाणता चाहता केवळ गुणफलक पाहत नाही. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरी ‘करो या मरो’ ठरते, म्हणजे तीस सेकंदांत गुण न आणल्यास चढाईपटू बाद होतो. त्यामुळे त्या क्षणी बचावपटू पुढे सरसावत नाहीत, तर कोपरे धरून त्याच्या पायाची वाट पाहतात.

एकाच चढाईत तीन वा अधिक गुण मिळाल्यास तिला ‘सुपर रेड’ म्हणतात. हैदराबादच्या त्या अंतिम सामन्यात मध्यंतरापूर्वी पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले आणि अटीतटीच्या लढतीत पलटणला आघाडी मिळवून दिली. सामन्याचे खरे वळण हेच मानावे लागेल.