पाबळची फॅब लॅब

सोनगीर गावातल्या तांबटांच्या घरी हंडा घडवायला कुणी पुस्तकातून शिकलं नाही. थोरल्यांच्या शेजारी बसायचं, ठोका चुकला तर पुन्हा ठोकायचं; हात असाच तयार होतो. प्रोग्रॅमिंगही याच रीतीने शिकता येतं, हे पाहायचं असेल तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला जावं.

तिथला विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली उभा केला. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातला अनुभव गाठीशी असलेल्या या माणसाने मुद्दाम अवर्षणाचं गाव निवडलं. शाळा सुटलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला. त्यात वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, पशुपालन असं सगळं आलं. मुलांनी गावाच्या गरजेची कामं करायची आणि गावाने त्यांचे पैसे मोजायचे, हा त्यांचा आग्रह होता. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण पैसे मोजणारा माणूस काम नीट तपासून घेतो.

2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक. दुधाची प्रत कशी मोजायची, डिझेल इंजिनाचं टायमिंग कसं जुळवायचं, असे कलबागांचे प्रश्न होते. उपकरण हवं म्हणून इलेक्ट्रॉनिक्स आणि त्यासाठी प्रोग्रॅम, असा हा क्रम.

हा क्रम किती शिकवतो, ते अंडी उबवण्याच्या पेटीवरून कळेल. कोंबडीच्या अंड्यांना साधारण 37.5 अंश तापमान 21 दिवस लागतं. मूल प्रोग्रॅम लिहितं: तापमान याखाली गेलं तर ऊब देणारा बल्ब लाव, वर गेलं तर विझव. पेटी सुरू होते आणि बल्ब सारखा लुकलुकू लागतो. मग लावण्याचा आकडा थोडा खाली, विझवण्याचा थोडा वर ठेवावा लागतो. हे पेटीसमोर बसल्यावर जसं डोक्यात शिरतं, तसं फळ्यावरून शिरत नाही.

एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने गावोगावच्या मुलांची संगणकाची भीती घालवली, हे मोठंच काम झालं. आता पुढची पायरी हवी. कांद्याच्या चाळीतली आर्द्रता, विहिरीवरची मोटर, दूध संकलन असे प्रश्न आपल्याकडे ढीगभर आहेत आणि असे प्रोग्रॅम चालवणारा मायक्रोकंट्रोलरचा साधा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. सोनगीर-नरडाणा परिसरातल्या जाणत्या मंडळींनी गावातली दोन-चार होतकरू मुलं पाबळला धाडावीत आणि ती परतल्यावर त्यांना एक खोली, वीज आणि गावातलं खरं काम द्यावं.