धुऱ्याचे भांडण, पाचशेचा दंड आणि वकील

पेरणी तोंडावर आली की आपल्या वऱ्हाडात दोन गोष्टी हमखास दिसतात. कृषी केंद्रापुढे सरकीच्या पिशव्यांसाठी रांगा, आणि धुऱ्यावरची भांडणे. वखर हातभर पलीकडे गेला, धुऱ्यावरची बाभूळ कोणी तोडली, शेजाऱ्याचा बैल वावरात शिरला; शब्दाला शब्द लागतो, एखादी काठी बसते आणि संध्याकाळी दोन्ही घरची माणसे ठाण्यात हजर होतात. दर्यापूर असो की अकोट, चांदूर बाजार असो की मूर्तिजापूर, कोर्टाच्या आवारात अशी माणसे रोज भेटतात.

भांडण पाच मिनिटांचे, पण पुढे समन्स येते. मग पारावरचा सल्ला सुरू होतो. "अबे, गुन्हा कबूल आहे म्हन, पाचशे रुपये भर अन् मोकळा हो. वकिलाले कायले पाच हजार देतं?" हिशेब ऐकायला सोपा आहे. शिवाय सोंगणीच्या दिवसांत तालुक्याच्या खेपा कोणाला हव्या असतात?

पण वाचक बंधूंनो, गोम याच हिशेबात आहे. कोर्टात "गुन्हा कबूल" म्हणून दंड भरला म्हणजे केस मिटली असे नव्हे. ती शिक्षाच झाली, मग दंड पाचशेचा असो की पन्नासचा. तिची नोंद राहते. उद्या तोच पोरगा पोलीस भरतीत धावून आला, लेखी परीक्षेतही निघाला, की चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात पडतो. कधी गुन्हा दाखल झाला होता का? शिक्षा झाली होती का? तेव्हा पाचशे रुपये किती महाग पडले ते बापाला कळते. फॉर्मवर खोटे लिहू नका. अवतार सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2016 साली सांगितले आहे की क्षुल्लक प्रकरण खरेपणाने कळवले असेल तर नोकरी देणारा ते नजरेआड करू शकतो. पण लपवाछपवी उघड झाली तर नोकरीवर पाणी सोडावे लागू शकते.

म्हणून कोर्टापुढे हो किंवा नाही म्हणण्याआधी वकील गाठावा. आधी आपल्यावर कलमे कोणती आहेत ते विचारा. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. वडीलधारी माणसे 323, 504 म्हणतात, ती कलमे आता नव्या गुन्ह्यांत 115(2) आणि 352 झाली आहेत. साध्या मारहाणीला वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नुसती एवढीच कलमे असतील तर तो अदखलपात्र गुन्हा. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटाशिवाय अटकही करू शकत नाहीत. ही कलमे जामीनपात्रही आहेत, म्हणजे जामीन हा तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. गरिबाला जामीनदार मिळत नसेल तर त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्याची तरतूद कायद्यात आहे.

आता वकील कोणता? घरचा एक वकील बहुतेक शेतकऱ्यांना असतोच, त्याने वाटणीचा दावा चालवलेला असतो. तो माणूस चांगला असेलही, पण दिवाणी वेगळे आणि फौजदारी वेगळे. एक दिवस सकाळी अकरा वाजता मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा. कोण वेळेवर येतो, कोणाजवळ कागद तयार असतात, कोण साक्षीदाराला मुद्द्याचे विचारतो, हे दोन तासांत दिसते. गेटावर किंवा ठाण्याबाहेर "आपल्या वकिलाकडे चला" म्हणणाऱ्या दलालाच्या मागे जाऊ नका. आणि "साहेब आपल्या ओळखीचे आहेत, काम होऊन जाईल" असे जो म्हणेल त्याच्यापुढून चहा न घेता उठा.

फीची गोष्ट आपल्याकडे लाजेने अर्धवट राहते. बी-बियाण्याचा भाव विचारताना आपण लाजत नाही, मग इथे का? पूर्ण केसची फी किती की तारखेची? टायपिंग, नकला, तिकिटे त्यातच की वेगळी? तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनियर? हे वकीलपत्रावर सही करण्याआधीच विचारा आणि दिलेल्या पैशांची पावती घ्या. केस सुटली तरच फी, असा सौदा वकिलांच्या नियमांत बसत नाही. पटले नाही तर वकील बदलता येतो; थकलेल्या फीसाठी वकिलाने पक्षकाराचे कागद अडवून ठेवू नयेत, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 2000 साली दिला आहे.

घरात पैसा नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अमरावती, अकोल्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अटकेत असलेली माणसे यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यांचे उत्पन्न विचारले जात नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. 15100 हा फोन नंबर त्यासाठीच आहे. धुऱ्याच्या भांडणात सासू-सुनेचीही नावे घातली जातात, ही तरतूद त्यांच्या फार उपयोगाची आहे.

चांगला वकील काय करतो? आरोपपत्राच्या नकला कोर्टाकडून फुकट मिळतात, त्या तो आधी वाचतो. बरेचदा तो लढायलाच सांगत नाही. साधी मारहाण आणि शिवीगाळ ही कलमे आपसात मिटवता येतात. मार खाणारा राजी झाला तर समझोता होतो आणि तो निर्दोष सुटल्यासारखाच असतो. दंड भरणे आणि मिटवणे यातला फरक इथे आहे. लोकअदालतीतही असे प्रकरण मिटते. गुन्हा शाबीत झालाच, तरी 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीवर सोडण्याची विनंती वकील करू शकतो. त्या कायद्याचा लाभ मिळाला तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. आपण एकटे उभे राहिलो तर हे मागायचे असते हेच कोणाला ठाऊक?

राहता राहिल्या तारखा. ओलिताचे पाणी सुटले म्हणून तारीख चुकवली की वॉरंट निघते, आणि जामिनावर असताना विनाकारण गैरहजर राहणे हा वेगळाच गुन्हा होतो. वकिलाकडून केसचा सोळा आकड्यांचा सीएनआर नंबर मागून घ्या. तो घालून शाळेत जाणारी नातसुद्धा मोबाइलवर पुढची तारीख सांगते, मग ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवता येते.