हिपॅटायटिस सी आणि ‘थोडीशी’ दारू

विहारात आरोग्यावर बोलायला गेलो की सभा संपल्यावर एखादी ताई आम्हाला हळूच बाजूला घेते. “सिस्टर, ह्यांच्या रिपोर्टमध्ये सी निघालंय. रोज नाही घेत, फक्त पगाराला आणि लग्नाकार्याला. तेवढी चालेल ना?” विचारते ताई, पण प्रश्न घरी बसलेल्या दादाचा असतो.

उत्तर आधीच देतो. नाही चालणार. रक्तात विषाणू आहे तोवर एक पेगसुद्धा नको. पण एवढेच सांगून आम्ही थांबलो तर दादा दारू सोडणार नाही, आमच्याशी बोलणे मात्र सोडेल. म्हणून कारण नीट समजून घेऊ.

यकृतात काय चालते?

हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा विषाणू आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी, ही वेगळी. लागण झालेल्यांपैकी काहींच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांच्या आत आपोआप जातो. बाकीच्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो. वर्षानुवर्षे ना दुखते, ना डोळे पिवळे होतात. माणूस कामावर जातो, जेवतो, “मला काही होत नाही” म्हणतो. आत मात्र यकृताला सूज असते आणि भाजल्यावर कातडीवर पडतात तसे व्रण पडत जातात. व्रण वाढून यकृत कडक झाले की त्याला सिरोसिस म्हणतात. जुनाट लागण असलेल्या १०० जणांपैकी १५ ते ३० जणांना साधारण २० वर्षांत सिरोसिस होतो. त्यातून पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

दारूही यकृतालाच मारते. विषाणू एका बाजूने, दारू दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकत्र आले की व्रण लवकर पडतात आणि २० वर्षांची वाट कमी होते. हिपॅटायटिस सी असताना इतकी दारू सुरक्षित, असे कोणतेही माप वैद्यकशास्त्राला सापडलेले नाही.

“मी फक्त बिअर घेतो,” असे काही भाऊ सांगतात. हिशेब करून बघा. ८ टक्के अल्कोहोलच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे ६० मिलीचे दोन पेग. देशीची एक क्वार्टर म्हणजे तसेच तीन पेग. हातभट्टीत किती आणि काय असते ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. यकृत बाटलीवरचे नाव वाचत नाही.

हा बेवड्यांचा रोग नाही

ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्यांनाही हा आजार होतो. रक्तपेढ्यांमध्ये सीची तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये रक्त चढवलेल्या कितीतरी बायांना लागण झाली असू शकते. एकच सुई अनेकांना टोचणारे डॉक्टर, जत्रेतले गोंदण, दुसऱ्याचे ब्लेड, नशेची वाटून घेतलेली सिरिंज, ही सगळी कारणे आहेत. कचऱ्यात टाकलेली सुई हाताला लागून आमच्या सफाई कामगारांनाही धोका असतो. म्हणून रिपोर्ट बघून “पीत असेल” असा शिक्का मारू नका.

आणि एक गोष्ट. एकत्र जेवल्याने, एकाच ग्लासातून पाणी प्यायल्याने, जवळ घेतल्याने हा विषाणू पसरत नाही. तरी काही घरांत आजाऱ्याचे ताट वेगळे होते. वेगळा पेला म्हणजे काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. फक्त ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश ज्याचा त्याचा ठेवा.

आजार पूर्ण बरा होतो

ही बातमी वस्तीत अजून पोहोचलेली नाही. गोळ्यांनी हिपॅटायटिस सी बरा होतो. बहुतेकांना सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्या दिवसातून एकदा, १२ आठवडे घ्याव्या लागतात. १०० पैकी ९० हून अधिक लोक बरे होतात. सिरोसिस झाला असेल तर औषध आणि मुदत डॉक्टर ठरवतात. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याखाली सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये चौकशी करा.

दादा अजून पितो, म्हणून त्याला घरी ठेवू नका. दारू सुटेपर्यंत उपचार नाहीत, असा नियम नाही. डॉक्टरांना खरे सांगा. किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली. लपवले तर उपचार चुकतात. डोके दुखले म्हणून स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल खात बसणे, कावीळ उतरवणाऱ्याचा झाडपाला घेणे, हेही टाळा.

उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी विषाणूची तपासणी पुन्हा करायची. तो सापडला नाही तर आजार गेला. अँटिबॉडीची साधी चाचणी पुढेही पॉझिटिव्ह येते, घाबरू नका. लागण मात्र पुन्हा होऊ शकते. मग दारू चालेल का? सिरोसिस झालेल्याला आयुष्यभर नाही. त्याने कर्करोगाच्या तपासणीसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही करावी. ज्याचे यकृत चांगले राहिले, त्याच्या मागचा विषाणू गेला. पण दारूचा स्वतःचा धोका गेलेला नाही.

रोज पिणाऱ्याने एकदम सोडताना

हे नीट वाचा. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने घरच्या घरी एका दिवसात बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो. जीवही जाऊ शकतो. त्याला कोंडून ठेवू नका, शपथ घालू नका. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या. तिथे औषधे देऊन दारू सोडवतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोट फुगणे, डोळे पिवळे होणे किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

पाचवे शील

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशील आपण दर वंदनेला म्हणतो. पण पाचवे शील म्हणताना ज्याचा आवाज खाली जातो, त्याच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिले, तर तो पुढच्या वेळी विहारातही येणार नाही आणि दवाखान्यातही जाणार नाही. शीलाला पालीत सिक्खापद म्हणतात, म्हणजे शिकण्याचा नियम. शिकणारा चुकतो, पुन्हा सुरुवात करतो.

म्हणून त्या ताईला आम्ही सांगतो, पगाराच्या दिवशी दादाला घेऊन या. अड्ड्याच्या वेळेला तो आमच्याबरोबर केसपेपर काढायच्या रांगेत उभा असू दे. रांगेत आम्हीही उभे राहू.

जयभीम.